डावीकडची खिडकी

एक्सेल शीटचं नाव ‘युरोप फायनल’ आहे. त्याआधी ‘युरोप’, ‘युरोप नवीन’, ‘युरोप आई’ आणि ‘युरोप खरंच फायनल’ अशा चार शीट होऊन गेल्या. पहिल्या शीटमध्ये आठ दिवसांत पाच शहरं होती: पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन, झुरिक, मिलान. आताच्या शीटमध्ये तीन शहरं आहेत आणि रेल्वेचे प्रवास फक्त दोन. एक पॅरिस ते ल्यों, दुसरा ल्यों ते मिलान. सात रात्री, तीन माणसं, दोन चाकांच्या बॅगा आणि डोळ्यात घालायच्या थेंबांची एक बाटली.

तीन माणसं म्हणजे मी, आई आणि बाबा. बाबा चौतीस वर्षं मध्य रेल्वेत होते. आधी असिस्टंट, मग मालगाडी, मग पॅसेंजर, शेवटची बारा वर्षं मेल-एक्सप्रेस. आता कागदोपत्री ‘लोको पायलट’ म्हणतात, पण बाबा स्वतःला ड्रायव्हरच म्हणतात. बरीच वर्षं आम्ही इगतपुरीच्या क्वार्टर्समध्ये राहिलो. सासरी-माहेरी कुठेही विचारलं की ‘वडील काय करतात’ तर मी ‘घाटात गाडी चालवतात’ असं सांगायची आणि लोक एसटी समजायचे.

ड्रायव्हरच्या नोकरीत डोळ्यांना फार मान. त्यांची मेडिकल कॅटेगरी ए-वन, म्हणजे रेल्वेतली सगळ्यात कडक. ठरावीक काळाने तपासणी, रंग ओळखायच्या, लांबचं वाचायचं. बाबा दर वेळी पास होऊन आले की आई शिरा करायची, कारण नापास झाले तर गाडी सुटणार आणि कुठल्यातरी टेबलावर बसावं लागणार. ते साठाव्या वर्षी ए-वन म्हणूनच निवृत्त झाले. त्यानंतर चार वर्षांनी चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि काचबिंदू निघाला.

काचबिंदू कसा असतो ते मला तोवर माहीत नव्हतं. मोतीबिंदूचा भाऊ असावा असं वाटायचं. तसं नाही. मोतीबिंदू काढता येतो, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली सांभाळायची, एवढंच. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं बराच काळ नीट दिसत राहतं, कडेकडेने कमी होत येतं. माणसाला कळतच नाही, कारण एका डोळ्याचं उणं दुसरा डोळा भरून काढतो. सख्ख्या नातेवाइकाला असेल तर आपल्यालाही होण्याची शक्यता वाढते, म्हणून मीही तपासून घेतलं. (माझं ठीक आहे. तुमच्या घरात कुणाला असेल तर तुम्हीही घ्या, तासाभराचं काम आहे.)

त्या तपासणीत एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोकं ठेवायचं, मध्ये बघत राहायचं आणि कडेला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाबा पहिल्यांदा ती करून बाहेर आले तेव्हा म्हणाले, “व्हीसीडीच आहे की.” व्हीसीडी म्हणजे इंजिनातलं यंत्र. ड्रायव्हरने काही वेळ कशालाच हात लावला नाही तर ते दिवा-भोंगा करून विचारतं, जागा आहेस ना? बटण दाबायचं. नाही दाबलं तर ब्रेक लागतात. इथे नाही दाबलं तर कागदावर तेवढी जागा काळी छापून येते. उजव्या डोळ्याच्या कागदावर काळं बरंच आहे. डावा अजून चांगला.

तर ही सहल त्या कागदामुळे ठरली. घरात हे कुणी असं बोललेलं नाही. घरात ‘तिची कंपनीत सुट्टी उरली आहे’ असं बोलतात.

दादाचं म्हणणं पॅकेज टूर घ्या. दहा दिवस, सहा देश, जेवायला पोळी-भाजी, बरोबर टूर मॅनेजर. त्यात वाईट काही नाही, आईच्या भिशीतल्या निम्म्या बायका तसंच जाऊन आल्या आणि खूश आहेत. पण ती सगळी सहल बसने होती. बाबांनी ब्रोशर डाव्या डोळ्याजवळ धरून पूर्ण वाचलं आणि विचारलं, “यात गाडी कुठंय?” आमच्या घरात गाडी म्हणजे रेल्वे. कारला कार म्हणतात. त्या प्रश्नावर ब्रोशर मिटलं आणि माझी पहिली शीट उघडली.

मग मला वाटलं होतं की बाबांना सगळ्यात वेगवान गाडी हवी असेल. मी उत्साहाने सांगितलं की फ्रान्सच्या टीजीव्हीने २००७ साली चाचणीत ताशी ५७४.८ किलोमीटरचा वेग गाठला होता. त्यांनी मान हलवली. चाचणीच ती, प्रवासी घेऊन नाही ना. त्यांना वेगाचं फारसं कौतुक नाही हे मला नवीन होतं. त्यांचा पहिला प्रश्न होता, “चढ किती आहे?”

इथे थोडं थांबावं लागेल. कसारा ते इगतपुरी, म्हणजे थळ घाट. १८६५ साली सुरू झालेला. वन इन थर्टी-सेव्हन, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. रस्त्याच्या मानाने हे काहीच नाही, रेल्वेच्या मानाने फार आहे. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, बँकर म्हणतात त्यांना, आणि ती ढकलत इगतपुरीपर्यंत आणतात. तिथे ती सुटतात. उतरताना उलटी काळजी: आधी ब्रेक तपासायचे, मग अगदी सांभाळून खाली. चौतीस वर्षांतली निम्मी चौतीस मिनिटांच्या या तुकड्यावर गेली, असं बाबा म्हणतात. अतिशयोक्ती आहे, पण घाटातल्या माणसाला तेवढी चालते.

मी शोधलं. पॅरिस-ल्योंचा वेगवान मार्ग, १९८१ साली सुरू झालेला, फ्रान्समधला असा पहिला मार्ग. त्याचा कमाल चढ हजाराला पस्तीस. बाबांनी मनात भागाकार केला. “वन इन ट्वेंटी-एट? खोटं आहे.”

खोटं नाही. थळ घाटापेक्षा जास्त चढ, बँकर नाही, आणि गाडी तो ताशी अडीचशे-पावणेतीनशेने चढते. पॅरिसपासून ल्योंपर्यंत त्या नव्या मार्गावर एकही बोगदा नाही. फ्रेंच इंजिनियरांनी केलं ते असं की हा मार्ग फक्त प्रवासी गाड्यांचा ठेवला. मालगाडीच नाही, तर सगळ्यात जड गाडी चढेल का हा प्रश्नच येत नाही. हलकी गाडी, दोन्ही टोकांना ताकदवान इंजिनं. मग डोंगर फोडत बसण्यापेक्षा रूळ सरळ टेकडीवरून नेले, खर्च वाचला. वळणं मात्र अतिशय मोठी, चारेक किलोमीटर त्रिज्येची.

बाकीचं काम वेगच करतो. त्या रात्री मी गणित करून बघितलं, अकरावीतलं फिजिक्स. ताशी २७० म्हणजे सेकंदाला बरोबर ७५ मीटर. त्या वेगात गाडीची वीज बंद केली आणि हवेचा-चाकांचा अडथळा बाजूला ठेवला, तर नुसत्या वेगाच्या जोरावर ती जवळजवळ २८५ मीटर उंच चढेल. कसारा ते इगतपुरीची चढण तीनेकशे मीटर आहे. म्हणजे इंजिन बंद ठेवून जवळपास अख्खा घाट. मी हे सकाळी चहाबरोबर सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आणि वळणांचं काय? आमच्या घाटात त्या वेगाने गेली तर पहिल्याच वळणावर सरळ दरीत.” पण आवाज बदलला होता. दुपारी ते हे सगळं त्यांच्या जुन्या असिस्टंटला फोनवर समजावून सांगत होते, २८५ चा आकडा तोंडपाठ.

त्यानंतर झुरिक, कोलोन, अ‍ॅमस्टरडॅम आपोआप गळाले. पॅरिस-ल्यों पक्कं झालं, बाकीचं त्याच्याभोवती बसवायचं.

मला आधी कल्पना नव्हती इतके या मार्गाचे आणि बाबांच्या नोकरीचे धागे जुळत गेले. इगतपुरी हे अनेक वर्षं वीज बदलायचं ठिकाण होतं. मुंबईकडून १५०० व्होल्ट डीसी यायची, पुढे २५ हजार व्होल्ट एसी. फ्रान्सच्या त्या भागातही जुन्या मार्गांवर १५०० डीसी आणि नव्या वेगवान मार्गावर २५ हजार एसी, त्यामुळे टीजीव्ही पहिल्यापासून दोन्हींवर चालणारी. आणि भारताने १९५० च्या दशकाच्या शेवटी २५ हजार एसी स्वीकारली ती फ्रेंच रेल्वेच्याच सल्ल्याने. “म्हणजे आमचे गुरुजी,” बाबा म्हणाले.

मग सिग्नल. यूट्यूबवर ड्रायव्हरच्या केबिनमधून काढलेले तासतासभराचे व्हिडिओ असतात, त्यात काहीही घडत नाही, फक्त रूळ येत राहतात. लाखो लोक बघतात. बाबा टीव्हीपासून तीन फुटांवर खुर्ची ओढून बसले. दहा मिनिटांनी म्हणाले, “सिग्नल कुठंयत?” नाहीतच. त्या वेगात रुळांशेजारचा दिवा बघून त्याचा रंग ओळखण्याएवढा वेळ माणसाला मिळत नाही, म्हणून किती वेगाने जायचं ते रुळांतून आलेला संकेत वाचून समोरच्या काचेखालीच दाखवतात. बाहेर दिसतात त्या नुसत्या निळ्या पाट्या, त्यावर पिवळा त्रिकोण. एक टप्पा संपून दुसरा कुठे सुरू होतो ते सांगणाऱ्या.

बाबांनी आयुष्यभर सिग्नल मोठ्याने म्हटले आहेत. दिसला की ड्रायव्हर रंग बोलतो, असिस्टंट तोच परत बोलतो, दोघांचं जुळलं पाहिजे. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की शंभर पावलांवरचा दिवा शोधत डोळे फाडून बसायचं. आणि इथे एकटा माणूस, बाहेर सिग्नलच नाही.

“म्हणजे लांबचं दिसायलाच नको,” ते म्हणाले. मी काही बोलले नाही. व्हिडिओ चालू राहिला.

आता आईबद्दल, कारण हे वाचून वाटेल की तिला कुणी विचारलंच नाही. आईच्या अटी तीन. रोज बॅग भरायला लावायची नाही. स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी माहीत पाहिजे (मोठ्या स्टेशनांवर बहुतेक ठिकाणी पैसे पडतात, तिच्या पर्समध्ये सुट्ट्या नाण्यांचा वेगळा बटवा तयार आहे). आणि बर्फाचे डोंगर दिसले पाहिजेत, पण लांबून, चढायचं नाही, तिचे गुडघे बोलतात. पहिल्या अटीमुळे शहरं तीन झाली. तिसऱ्या अटीमुळे ल्यों-मिलान.

हा दुसरा प्रवास गंमतशीर आहे. गाडी वेगवान, पण मार्ग बराचसा जुना: आल्प्समधून, मोरिएन नावाच्या दरीतून, मग फ्रेजूसच्या बोगद्यातून इटलीत. हा बोगदा १८७१ चा, म्हणजे आमच्या घाटाहून सहा वर्षांनी धाकटा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या दरीत दरड कोसळली आणि फ्रान्स-इटलीच्या थेट गाड्या बंद झाल्या, त्या २०२५ च्या ३१ मार्चला पुन्हा सुरू झाल्या. जुन्या मार्गावर गाडी हळू जाते, पाचेक तास लागतात, आणि वेळ महत्त्वाचा असलेले लोक विमानाने जातात. आईसाठी हेच चांगलं, डोंगर सावकाश दिसतील. डोंगराखालून सत्तावन्न किलोमीटरचा नवा बोगदा खणणं चालू आहे. तो झाला की लोक लवकर पोचतील आणि खिडकीत अंधार असेल.

व्हिसाचं लवकर आटोपते. जास्त रात्री जिथे, त्या देशाकडे अर्ज, म्हणजे फ्रान्स. मोठ्या माणसाची फी ९० युरो, किमान तीस हजार युरोंचा प्रवासविमा, हॉटेलं, विमानाचं आरक्षण, बँकेचे कागद. बाबांच्या पेन्शनची पीपीओ लावली. फॉर्मवरच्या व्यवसायाच्या रकान्यात मी ‘निवृत्त’ लिहिलं होतं, त्यांनी पुढे पेनाने ‘मेल ड्रायव्हर’ वाढवलं. खिडकीतल्या मुलीने काही विचारलं नाही. गेल्या मंगळवारी पासपोर्ट परत आले.

तिकिटांवर मात्र घरात खरी चर्चा झाली. बाबांनी रेल्वेचं तिकीट विकत घेतल्याचं मला आठवत नाही. नोकरीत पास, निवृत्तीनंतरही पास. त्यांना समजावायचं की तीच गाडी, तोच डबा, पण तीन महिने आधी काढलं तर तीसेक युरो आणि आदल्या दिवशी काढलं तर तिप्पट. “असं कसं? अंतर तेवढंच आहे ना?” अंतर तेवढंच आहे. वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही, जागा असेल तर आहे. परदेशी पर्यटकांसाठीचा युरेल पासही बघितला, ‘पास’ म्हटल्यावर बाबा सरसावले होते. पण टीजीव्हीत पास असूनही जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावं लागतं आणि दोनच प्रवासांसाठी तो परवडत नाही. विगो नावाची स्वस्त टीजीव्हीही असते, मोठ्या बॅगेचे तिथे जादा पैसे. आपल्या बॅगांत लोणचं असतं, लाडू असतात. नको.

आणखी एक सांगून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पॅरिसमधलं ‘गार द ल्यों’ हे ल्योंमधलं स्टेशन नव्हे, ल्योंकडच्या गाड्या सुटतात ते पॅरिसचं स्टेशन. ल्योंमध्ये उतरायचं ते ‘पार-दिय’. प्लॅटफॉर्म कुठला, ते बोर्डावर शेवटच्या वीसेक मिनिटांत येतं, आणि सुटायच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात. दोन गाड्या जोडून एक केलेली असते, त्यामुळे डबा नंबर बघूनच चढायचं. आत गेल्यावर चालत चालत दुसऱ्या गाडीत जाता येत नाही. आईने हे सगळं डायरीत लिहून घेतलं. बाबांनी नाही, त्यांना स्टेशन वाचता येतं.

राहिली खिडकी. टीजीव्ही दुमजली आहे. खालच्या मजल्यावरून बरेचदा मातीचे बांध आणि आवाज अडवणाऱ्या भिंती दिसतात, वरून शेतं. वर जायला अरुंद जिना. मी आईकडे बघितलं. “एकदाच चढायचं ना? इगतपुरीचा पूल दिवसातून चारदा चढले मी, भाजीच्या पिशव्या घेऊन.” वरचा मजला ठरला. दुपारची गाडी ठरली, उजेड भरपूर, ऊन्ह डोळ्यांवर येणार नाही अशी आशा.

पण कुठली बाजू? बाबांचा डावा डोळा चांगला, म्हणून खिडकी त्यांच्या डाव्या हाताला हवी. तिकीट काढताना खिडकी मागता येते, वरचा मजला मागता येतो. गाडीचं तोंड कुठे असेल आणि आपली खुर्ची कुठल्या दिशेला वळलेली असेल, ते मागता येत नाही. यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. मग समोरासमोरच्या चार जागांचा विचार सुचला. मध्ये टेबल, एकच मोठी खिडकी, तिच्याशी दोन खुर्च्या, एकमेकींकडे तोंड केलेल्या. एका खुर्चीला खिडकी उजवीकडे पडते, तर समोरचीला ती डावीकडेच पडणार. गाडी कशीही उभी असो. चारपैकी तीन जागा आमच्या, त्यांतल्या दोन्ही खिडकीच्या. एकीवर मी बसेन, एकीवर बाबा, जी डावी निघेल ती त्यांची.

मी टेबलावर दोन स्टीलच्या वाट्या आणि दोन पेले मांडून हे दाखवलं. आईला लगेच पटलं. बाबा पेल्यांकडे बघत राहिले.

“आणि डावी खिडकीवाली उलटी निघाली तर? इंजिनाकडे पाठ?”

ही शक्यता अर्धी-अर्धी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही. चौतीस वर्षं हा माणूस येणारे रूळ बघत बसला. मी म्हटलं, बाबा, तसं असेल तर तुम्ही ठरवा, उजव्या खिडकीशी सरळ बसायचं की डाव्या खिडकीशी उलटं.

त्यांनी एक पेला उचलला, फिरवून परत ठेवला. “गार्ड तसाच बसतो,” ते म्हणाले. “शेवटच्या डब्यात. गेलेला रूळ बघत. आमचा भोसेकर म्हणायचा, तुम्हाला काही दिसत नाही रे, सगळं अंगावर येतं. आम्हाला नीट बघता येतं.” मग आईला म्हणाले, “दोन तास गार्ड झालो तर काय बिघडतंय.”

आईने वाट्या उचलल्या, तिला त्या कुकरमध्ये हव्या होत्या.

शीटमध्ये आता एकच रकाना रिकामा होता, तो काल भरला. बाबांचे थेंब रात्री नऊला असतात. सप्टेंबरमध्ये फ्रान्सचं घड्याळ आपल्या मागे साडेतीन तास, म्हणजे तिकडचे संध्याकाळचे साडेपाच. ल्योंची गाडी दोनच्या सुमाराला सुटते, चारला पोचते. हॉटेल स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. साडेपाचला खोलीत असू.